ओल्या लाकडावर नको

जांबोटीच्या वाटेवर हेदवाडी म्हणून एक वस्ती होती. तिथल्या भरमाला लोक वरचा भरमा म्हणत आणि त्याच्या धाकट्या भावाला खालचा मष्णू. यात मानपानाचा काही संबंध नव्हता. दोघं भाऊ लाकूड चिरणारे. ओंडका घोडीवर, म्हणजे खांबांच्या उंच मांडणीवर, चढवला की भरमा वर उभा राहायचा, मष्णू खाली, आणि पुरुषभर उंचीची करवत दोघांच्या मध्ये वरखाली चालायची. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं भुसा खायचा. मष्णूच्या डोळ्यांत भुसा, कानात भुसा, भाकरीच्या तुकड्यावरही भुसा. त्याची बायको मनुबाई शेजारणीला सांगायची, "आमच्या धन्याला नुसतं झटकलं तरी एक येळची चूल पेटती बग."

ती घोडी त्यांच्या बापानं, यल्लाप्पानं, उभी केलेली. ऐनाचे चार जाडजूड खांब जमिनीत गाडलेले, वर दोन लांब आडवी बहालं, आणि सगळ्यावर गवताचं छप्पर. दोघं भाऊ मोठे झाले, लग्नं झाली, भरमाची बायको प्लेगात गेली, मष्णूला मूलबाळ झालं नाही, पण घोडी होती तिथून हलली नाही. करवतीला लावलेलं करंजाचं तेल ठिबकून ठिबकून खांब काळे झाले होते. थंडीत मष्णू खाली भुशाची शेकोटी पेटवून ठेवायचा, तिचा धूर वर्षानुवर्षं त्या लाकडात मुरला होता. भावांना मात्र घोडी दिसायचीसुद्धा नाही. रोज ज्याच्यावर उभं राहतो त्याच्याकडे कोण बघतं!

आणि हा धंदा थंडीतलाच. झाडाचा रस उतरलेला असतो, तेव्हा चिरलेली फळी सरळ राहते. उन्हाळ्यात चिराल तर पापडासारखी वाकडी होते आणि गिऱ्हाईक तुमच्या सात पिढ्या काढतं. पण जांबोटीकडची थंडी बेळगावातल्या माणसाला सांगून कळायची नाही. सकाळी दहिवर असं पडायचं की छपरावरून पावसासारखं गळत राहायचं. करवतीचं पातं हाताला चावायचं. बोटांच्या भेगांत कोकमतेल भरून, डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन दोघं कामाला लागायचे, आणि धुकं इतकं दाट की वरच्याला खालचा दिसायचा नाही. नुसता आवाज यायचा. "ओढ." "सोड." "ओढ." "सोड." त्या दोन शब्दांवर दोघांचं आयुष्य चाललं होतं म्हणा ना.

चिरलेल्या फळ्या दगडांवर रचायच्या, दोन फळ्यांमध्ये लाकडाच्या चिपा ठेवायच्या म्हणजे वारं खेळतं, आणि टोकांना शेणमाती फासायची म्हणजे तडकत नाहीत. मग वाट बघायची. वर्ष जाऊ द्यायचं. घाई करणाऱ्याचं लाकूड घाई करणाऱ्याच्याच डोक्यावर पडतं, असं भरमा म्हणायचा, आणि थप्पीजवळ कुणी हात लावायला आलं की खेकसायचा. लाकूड वाळलं की नाही ते बघायची त्यांची रीत सोपी होती. बोटाच्या गाठीनं नाहीतर कुऱ्हाडीच्या माथ्यानं ठोकायचं. ओलं लाकूड बद्द बोलतं. सुकं ठणकन् बोलतं.

आता ओंडका चौकोनी करताना चारी अंगांनी ज्या सालीसकट फळ्या निघतात त्या चिरणाऱ्याच्या हक्काच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी त्या कुंपणाला लावतं, कुणी चुलीत घालतं. मष्णू त्यांची थप्पी रचायचा. परड्यात पश्चिमेच्या अंगाला, सावलीत, चांगल्या दोन थप्प्या. एकेक सालफळी निवडून, चिपा घालून, वर झावळ्या टाकून. कुणी विचारलं तर बोटानं दाखवायचा. "ही आण्णाची. ही माझी."

कशासाठी? सरणासाठी.

हसू नका. भरमा हसायचाच. "लेका, माणसं सोनं साठवत्यात, आन् तू सरण साठवतुयास!" मष्णू गंभीरपणे म्हणायचा, "सोनं कुणी बी नेईल आण्णा. ह्येला कोण हात लावतंय?" मनुबाई चुलीपुढून चिडायची, "दारात तिरडी मांडून बसलाय नुसता. कुणाला सांगायची बी चोरी." पण भरमाला कारण ठाऊक होतं, म्हणून तो हसून सोडून द्यायचा.

कारण होता त्यांचा बाप. यल्लाप्पा आषाढात गेला होता. जंगलात राहणारी, लाकडावर जगणारी माणसं, आणि बापाला जाळायला सुकं लाकूड नाही, यापेक्षा फजिती ती काय! जे होतं ते भिजलेलं. माणसं सरणावर घोंगडी धरून उभी राहिली, तेल ओतलं, तूप ओतलं, तरी नुसता धूर. लाकडातून पाणी सुं सुं करत बाहेर यायचं. शेवटी लोक थकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर बाप अर्धा तसाच, आणि रात्रीतून कुत्री येऊन गेलेली. मष्णू तेव्हा लहान. त्याला कुणी न्यायला नको होतं, पण तो भरमाच्या मागं मागं गेला आणि त्यानं ते पाहिलं. तेव्हापासून हा गडी सापाला भ्याला नाही, वाघाला भ्याला नाही, ओल्या लाकडाला भ्याला. दर श्रावणात एकदा तरी म्हणायचा, "आण्णा, मला ओल्यावर नको जाळूस." आणि भरमा म्हणायचा, "न्हाय रं बाबा. गप जेव."

मग मानमोडी आली.

तिकडं साहेबांची मोठी लढाई संपत आली होती म्हणतात, इकडं दसरा झाला आणि माणसं पटापटा मरायला लागली. सकाळी मान दुखते म्हणायचं, संध्याकाळी तापानं फणफणायचं, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. धडधाकट तरणी माणसं आधी. दिवाळीला हेदवाडीत पणती लावायला हात उरला नाही. त्यात कार्तिकात अवकाळी पाऊस लागला, झडीचा, आठवडाभर. घराघरातलं जळण तोवर संपलं होतं. जंगलात जाऊन वाळकं आणायला अंगात ताकद कुणाच्या होती?

शेजारची अंबुबाई परड्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा नवरा घरात पडलेला. ती काही मागत नव्हती. नुसती थप्पीकडे बघत उभी होती.

मष्णूनं झावळ्या बाजूला केल्या. "माझ्यातलं घे, आक्का."

भरमाला ते आवडलं नाही. तो बोललाही. "आरं, आज ही आली. उद्या सगळी वाडी ईल." मष्णू फळ्या उचलतच होता. "मग काय करायचं आण्णा? त्येंनी ओल्यावर जायचं?"  आणि झालं भरमा म्हणाला तसंच. दुसरा आला, तिसरा आला. मष्णूची थप्पी खाली खाली येत गेली आणि शेवटी तिथं नुसते दगड उरले. भरमाच्या थप्पीला मात्र त्यानं बोट लावू दिलं नाही. कुणी तिकडं बघितलं तर म्हणायचा, "ती आण्णाची हाय. तिचं नाव काडू नका."

मग भरमा आडवा झाला. त्याची आशा सगळ्यांनी सोडलीच होती. मष्णू दिवसभर उशाशी बसायचा, मधेच उठून परड्यात जायचा, थप्पी ठोकून बघायचा आणि डोळे पुसत परत यायचा. पण भरमाची हाडं चिवट. ताप उतरला. मार्गशीर्षाची थंडी पडली तेव्हा तो काठी टेकत, भिंत धरत पहिल्यांदा परड्यात आला, आणि बघतो तर त्याच्याही थप्पीच्या जागी नुसते दगड.

"माझी थप्पी कुटं हाय?"

मष्णू हसत होता. तोंडभर हसत होता. "दिली की! तू उटलास न्हवं? आता तुला कशाला लागती?"

खरं तर त्या हसण्यात भावाचा सगळा जीव होता. भाऊ वाचला म्हणून त्यानं वाडीला सरणं वाटली होती, जसं कुणी पेढे वाटावेत. पण भरमा आजारातून उठलेला, पाय थरथरतायत, डोकं भणभणतंय, आणि स्वभाव मुळातच भडकू. तो ओरडला, "आन् तू? उद्या तू आडवा झालास तर कशावर जाळू रं तुला? ओल्यावर?"

मष्णूचं हसू गेलं.  चिपा गोळा करून त्यानं छपराखाली ठेवल्या आणि हात धुवायला गेला. भरमानं तेव्हाच जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. त्याच संध्याकाळी मष्णू जेवताना मानेवर हात ठेवून म्हणाला, "आण्णा, मान धरलीया जरा."

भरमानं हातातला घास ताटात ठेवला.

पुढच्या दिवसांत भरमा काय जगला ते त्याचं त्याला ठाऊक. मष्णू आत तापानं भाजत होता आणि भरमा बाहेर सुकं लाकूड शोधत होता. स्वतःला धड चालता येत नव्हतं. घोंगडं डोक्यावर घेऊन तो धुक्यात शिरायचा, एखादं वाळकं खोड दिसलं की कुऱ्हाडीचा माथा मारायचा आणि कान लावायचा. बद्द. पुढचं. बद्द. पावसानं आणि रोजच्या दहिवरानं सगळं रान आतपर्यंत भिजलं होतं. एक हेदाचं खोड वरून पांढरं, कोरडं ठाक दिसलं. त्यानं आशेनं साल सोलली, तर आत बुरशी आणि बोटांतून पाणी गळालं. तिथंच मटकन् बसून तो रडला. धुकं असल्यानं कुणी बघितलं नाही, तेवढीच अब्रू राहिली.

घराशेजारी शहापूरच्या विणकरांची सागवानाची थप्पी होती. त्यांच्या हातमागांसाठी दोघा भावांनी, विणकरांच्या हट्टापायी थंडीची वाट न बघता, दसऱ्याआधीच चिरलेली. वाळली की पिरनवाडीवरून गाड्यांनी जायची होती. परक्याचा माल. भरमानं उभ्या जन्मात परक्याची चीप उचलली नव्हती. पण त्या दिवशी तो त्या थप्पीपुढं उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि देवाची क्षमा मागून वरच्या फळीवर बोट वाजवलं. वरून कोरडी, गार, गुळगुळीत फळी. आणि आवाज बद्द. लाकूड काय माणसाची अडचण बघून वाळतं? भरमाला आपलं इमान वाचलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. त्याला नुसती शिवी आली.

तो रिकाम्या हातानं दाराशी आला तेव्हा मनुबाई उंबऱ्यात उभी होती. आता हे सांगायला हवं की या घरात आल्यापासून मनुबाई भरमाशी तोंडावर बोललेली नव्हती. थोरला दीर तो. पदर पुढं ओढून, दाराआड उभी राहून, भिंतीला सांगितल्यासारखं "भाकरी झालीया म्हणावं" एवढंच. त्या दिवशी तिचा पदर खांद्यावर होता आणि ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"भावजी, अजून जीव हाय त्येंच्यात. जित्या माणसाचं सरण शोधत हिंडताय व्हय तुमी? जरा त्येंच्याजवळ बसला असता तर!"

भरमाची मान खाली गेली.  ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. तेवढ्यात आतून मष्णूचा आवाज आला, खोल, फाटका. "हिंडू दे गं त्येला. म्याच सांगितलंया."

तो आत गेला. मष्णूनं त्याचा हात धरला. हात म्हणजे निखारा. "आण्णा, ओल्यावर नको."

"न्हाय रं. न्हाय."

"तू म्हनालास न्हवं, कशावर जाळू म्हणून."

"रागात बोललो रं मी! माझी जीभ झडू दे. तुला काय हुनार न्हाय. म्या उटलो न्हवं? तू बी उटशील." भरमा हे म्हणत होता आणि मष्णूच्या काळ्यानिळ्या ओठांकडे बघत होता. असे ओठ त्यानं वाडीत पुष्कळ पाहिले होते. तसं एकही माणूस उठलं नव्हतं.

दुपारी अंबुबाई आली. पदराखाली काहीतरी धरलं होतं. नवऱ्याच्या नांगराचा मोडका दांडा आणि घरातलं मुसळ. "एवडंच सुकं हाय घरात, दादा," ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. "तुमची लाकडं माज्या धन्याला लागली. आता मी काय तोंडानं बगू?" भरमानं ते घेतलं, भिंतीला उभं केलं. एवढ्यानं माणसाचे पाय जळाले असते. त्यानं अंबुबाईला तसं सांगितलं नाही. "लई झालं आक्का," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना थंडी अशी होती की पाण्याच्या घागरीला हात लावला तर बोटं बधिर व्हावीत. मष्णूचा श्वास घरघरत होता. मनुबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं डोळे उघडले, भरमाला शोधलं.

"मिळालं?"

आणि भरमा खोटं बोलला. जन्मात भावाशी खोटं बोलला नव्हता, तो बोलला. "मिळालं रं. लई चांगलं मिळालं. परड्यात आणून ठेवलंया."

"सुकं?"

"ठणठणीत."

मष्णूनं कान दाराकडं केला. खालचा माणूस तो. सबंध जन्म वरच्याच्या आवाजावर चाललेला. तो म्हणाला, "वाजवून दाव."

भरमा उठला.  हातात कुऱ्हाड घेतली, बाहेर आला. परड्यात दगड. भिंतीशी एक दांडा आणि एक मुसळ. चहूकडे धुकं, आणि आत भाऊ कान लावून पडलेला. काय वाजवू, कशावर मारू! तो वेड्यासारखा गोल फिरला आणि समोर छपराखाली घोडीचा खांब दिसला तसा कुऱ्हाडीचा माथा उचलून त्यानं त्याच्यावर मारला.

ठण्ण.

देवळातल्या घंटेसारखा आवाज धुक्यातून गेला. त्यानं पुन्हा मारला. ठण्ण. पुन्हा.

आतून मनुबाईनं हाक मारली तेव्हा तो धावत गेला. मष्णूच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी सुख आलं होतं. ओठ हलत होते. भरमानं कान खाली नेला.

"लई जुनं लाकूड हाय, आण्णा," मष्णू म्हणाला. "पर तुला लागंल ते."

एवढं बोलून तो गेला.

त्यानं तो आवाज ओळखला होता. का नाही ओळखणार? त्याच खांबांच्या मध्ये उभं राहून त्यानं आयुष्यभर भुसा खाल्ला होता. मनुबाईचा टाहो ऐकून अंबुबाई आली, आणखी एक-दोन उठतीबसती बाया आल्या. भरमा बाहेर येऊन घोडीपुढं उभा राहिला. आपण खोटं बोललो असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतंच. दिवसचे दिवस रान पालथं घातलं, परक्याच्या थप्पीवर डोळा ठेवला, आणि वाडीतलं सगळ्यांत सुकं लाकूड इथं, छपराखाली, धूर आणि तेल पिऊन वाळत उभं होतं. तो त्याच्यावरच उभा राहत आला होता. असला आंधळेपणा लाकूड चिरणाराच करू जाणे.

पण घोडी गेली म्हणजे काय गेलं, तेही त्याला कळत होतं. बापाच्या हातचं एवढंच उरलेलं. पुन्हा असले ऐनाचे खांब जंगल खातं कापू द्यायचं नाही. मष्णू स्वतःच म्हणाला होता, तुला लागेल. हे खांब गेले तर करवत भिंतीला टांगायची आणि कुणाच्या तरी रानात मजुरीला जायचं. भरमानं खांबाला गाल लावला. गारठ्यातसुद्धा तो खांब गार लागला नाही. मग त्यानं मोठ्यानं, कुणाला तरी बजावल्यासारखं म्हटलं, "काय लागंल मला? कप्पाळ लागंल?" आणि कुऱ्हाड उचलली.

कुऱ्हाड उडाली. ऐन वर्षानुवर्षं वाळला की लोखंड होतो. धार टणकन् मागं फिरायची आणि आजारातून उठलेल्या भरमाचे हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. चार घाव घातले तर टवका निघाला नखाएवढा. तो धापा टाकत खाली बसला. हे करवतीचंच काम होतं. आणि करवतीला दोन माणसं लागतात. एक टोक त्यानं धरलं असतं, दुसरं टोक धरणारा आत घोंगड्याखाली पडला होता. वाडीतले बाप्ये म्हणावे तर अर्धे सरणावर गेलेले आणि उरलेले अंथरुणात. भरमानं तरी हाका मारल्या. "आरं, कुणी हाय का रं! एक हात द्या रं!" धुक्यातून कुणी ओ दिली नाही.

त्यानं करवत काढली, खांबाच्या बुडाशी लावली आणि एकटाच ओढू लागला. पातं वाकायचं, अडकायचं, थरथरून उलटं यायचं. बोटं सोलली. तो रडत होता आणि करवतीला शिव्या देत होता.

तेवढ्यात पातं सरळ झालं.

त्यानं वर बघितलं. समोर मनुबाई दुसरं टोक धरून गुडघ्यावर बसली होती. केस मोकळे, डोळे सुजलेले, हातांत अजून हिरव्या बांगड्या. बायका तिच्या मागं धावत आल्या होत्या. त्यातली एक ओरडली, "आगं ए, सोड ती! बाईमाणसानं करवत धरायची नसती. आन् तुझ्या बांगड्या फोडायच्या हाईत अजून!"

"फोडा नंतर," मनुबाई म्हणाली. "माझं माणूस ओल्यावर जायचं न्हाय."

 तिनं करवत जोरानं ढकलली आणि पातं पुन्हा वाकलं. नवशिक्याची हीच चूक. मष्णूनंही पहिल्या दिवशी हीच केली होती, आणि तेव्हा भरमानं त्याला एक टपली मारली होती. आता तो घसा खाकरून, तिच्याकडे न बघता, हळू म्हणाला, "ढकलायचं न्हाय. नुसती ओढायची. माझी पाळी आली की हात सैल सोडायचा. म्या सांगतो तसं." आणि मग त्याच्या तोंडून तो शब्द निघाला, जो आता कुणासाठी उरला नाही असं त्याला वाटत होतं.

"ओढ."

तिनं ओढली.

"सोड."

भुसा पडायला लागला. धुपासारखा तांबडा, कोरडा भुसा, त्याला धुराचा आणि करंजाचा वास. बांगड्या करवतीच्या तालावर वाजत होत्या. अंबुबाई डोळे पुसत पुढं झाली आणि खांब पडेल म्हणून त्याला खांदा देऊन उभी राहिली. मग दुसऱ्या बायाही आल्या. छप्पर उतरवलं, बहालं खाली घेतली. थंडीत कुणाच्या अंगाला घाम येत नाही, पण मनुबाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं. एक खांब पडला, दुसरा पडला. मधे ती थांबली, तेव्हा भरमाला वाटलं आता ही कोसळते. तिनं फक्त पदर खोचला आणि पुन्हा टोक धरलं. त्या दिवसभरात दोघं फक्त तेच दोन शब्द बोलले.

सूर्य कलताना मष्णूला नेलं. खांदा द्यायला भरमा, एक म्हातारा आणि दोघी बाया. असली तिरडी कुणी पाहिली नसेल, पण त्या सालात कोण कुणाला नावं ठेवणार? भरमानं अग्नी दिला आणि दोन पावलं मागं येऊन उभा राहिला.  सुं सुं आवाज येतोय का म्हणून तो कान देऊन ऐकत होता. नाही आला. जाळानं एकदाच श्वास घेतल्यासारखं केलं आणि सरण एका दमात पेटलं, धूर म्हणून नाही. तेल मुरलेले खांब तडातडा जळू लागले. उष्णता एवढी, की भरमाला आणखी मागं सरावं लागलं. भोवतालचं धुकंसुद्धा विरून गेलं आणि कित्येक दिवसांनी तिथं उभ्या राहिलेल्या माणसांना ऊब मिळाली.

तिसऱ्या दिवशी सावडायला भरमा गेला. बापाच्या वेळची ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नव्हती.  पण जाऊन बघतो तर पांढरी, मऊ राख. त्यात अस्थींची फुलं तेवढी. कोळशाचा तुकडा नाही, काळं काही नाही. भरमानं दोन्ही हात राखेत घातले, आतपर्यंत चाचपून बघितलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्या मोकळ्या माळावर मोठ्यानं ओरडला, "मष्ण्या, बग रं! काय ऱ्हायलं न्हाय बग! समदं गेलं बग रं!" आणि पोटातून असा रडला की बरोबरच्या म्हाताऱ्याला त्याला धरून उठवावं लागलं.

घरी आला तर परड्यात खांबांचे चार खुंट. एरवी आभाळ अडवणारी घोडी नव्हती म्हणून सगळं उजाड, उघडंबोडकं दिसत होतं. सालफळ्यांच्या थप्प्या नाहीत, घोडी नाही, भाऊ नाही. भरमा एका खुंटाशी बसला. करवत भिंतीला टांगलेली होती, तिच्याकडे त्याला बघवेना. गारठा वाढत चालला होता आणि शेकोटी पेटवायचंही त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

दारात चाहूल लागली. मनुबाई होती. हात मोकळे, कपाळ मोकळं. भरमाला वाटलं, आता ही दाराआड जाईल आणि भिंतीला काहीतरी सांगेल. ती बाहेर आली, परड्यातल्या दगडांजवळ थांबली, पायानं एक दगड सरळ केला.

"भावजी, आता कशावर चिरायचं?"

भरमानं मान वर केली. ती चेष्टा करत नव्हती. तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, आणि त्यांवर तिनं कोकमतेल लावलं होतं, मष्णू लावायचा तसं.

त्यानं खुंटावरचा भुसा मुठीत घेऊन चुरला. मग म्हणाला, "पयल्यांदा घोडी करावी लागंल. लाकूड ओलंच मिळंल आता."

"असू दे," मनुबाई म्हणाली. "वाळंल की."